आईच्या हातचं पाणी

३ फेब्रुवारी
आईची वेणी घातली. उजवं अंग तसंच, लाकूड. लकवा मारून सहा महिने झाले. वीस तारखेला मला एटापल्लीला हजर व्हायचं, कॉलेजात शिकवायला. तिथली खोली वरच्या मजल्यावर; तिला नेता येत नाही. आरोग्य योजनेतून आता घरी रोज येणारी बाई मिळते. अंघोळ, औषध, कूस बदलणं. आधी सिस्टर तपासून जातात. त्यांनी लिहिलं तरच.

६ फेब्रुवारी
सकाळीच न्हाऊ घातलं. धुतलेलं लुगडं, नवी चादर. घरही सारवलं.
सिस्टर आल्या. "काय त्रास होते आजी?"
"मले काई नाई. मी सारं करून राह्यली."
आणि उठली. भिंतीला खांदा लावून. डाव्या हातानं गडू उचलून सिस्टरच्या हातात दिला. थेंब सांडला नाही.
मला अभिमान वाटला.

७ फेब्रुवारी
मान उचलत नाही. चादर दोनदा ओली.
"काऊन उठली तू?"
"बाळंतपणं केली साऱ्या गावाची. पाणी मागतलं त वरून ओतत, ओंजळीत. गडू हाती देत नव्हते मले." मग, "त्या बाईनं माह्या हातचा घेतला. पाह्यलं ना तू?"

१२ फेब्रुवारी
निरोप आला. नामंजूर. स्वतः उठतात, पाणी घेतात, पाठीवर जखम नाही.
जखम नाही. दर दोन तासांनी कूस मी बदलते.
दवाखान्यात भरती केली तर सगळं मिळतं. ती जाणार नाही.
सिस्टरना फोन केला. बाई भल्या. "पुन्हा येते मी, मॅडम. पण या डाव तिले सजवू नका. जशी आहे तशी दिसू द्या. अन् तो गडू जरा दूर ठेवा."

१९ फेब्रुवारी
सिस्टर अकराला येणार.
न्हाऊ घातलं नाही. लुगडं कालचंच. गडू तांदळाच्या पिंपामागे.
"वेणी राह्यली माही."
"घालते."
डावा हात उशाशी चाचपडतो आहे.
"गडू कुठी ठेवला व?"
"घासायला घेतला."
"मंग घास ना लवकर. बाई येईन."
अकराला दहा कमी. लिहीत बसले आहे, म्हणजे तिच्याकडे पाहावं लागत नाही.