वरच्या न्हाणीघरात पाणी ओतण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, विधवा, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे आणि हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला तरी हल्ली घरी कोण येतं. माझे कान गेले आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

१. बँकेत जे आहे ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. दागिने मुलीचे. बांगड्यांवर सूनबाईंची नजर आहे हे मला ठाऊक आहे. नजर राहू द्यावी, बांगड्या मुलीला द्याव्यात.

२. हत्यारांची पेटी, म्हणजे पाना, तार आणि तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी पंप, वन्संना द्यावी. वन्सं म्हणजे माझी नणंद, मुलांची आत्या. त्यांनी लग्न केलं नाही, शाळेत चित्रकला शिकवली आणि माझ्या लग्नापासून त्या आमच्याबरोबर आहेत, हे घर झालं तेव्हापासून खालच्या खोलीत. आमच्यात कधी विस्तव गेला नाही. मी भाजीत मीठ जास्त घालते, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि अजून सांगतात. हे भांडण मी कोणाच्याही नावे करत नाही, बरोबर नेते आहे.

३. घर माझ्या पगारातून झालं आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. वन्सं जिवंत असेपर्यंत त्या इथेच राहतील. त्यांना दुसरीकडे हलवण्याचा अधिकार कोणालाही नाही, त्यांच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा नाही. त्यांच्यानंतर घर मुलगा आणि मुलगी यांचं, पण कलम पाच पाळून.

हे का, ते लिहिणं भाग आहे, कारण घरात वेगळंच बोललं गेलं.

मुलगा आणि सूनबाई तेव्हा वरच्या मजल्यावर राहत होते. गच्चीवर ड्रेनेजचा एक उभा पाइप आहे, त्यावर कबुतरं बसायची. मुलाने त्यावर रंगाचा रिकामा डबा उपडा घालून घट्ट ठोकून टाकला. तो पाइप हवेसाठी असतो. मोरीच्या जाळीखाली पाणी साठून राहायला खोलगट जागा असते, तिला नहाणी ट्रॅप म्हणतात. तेवढं पाणी गटाराची हवा अडवून धरतं. हवेचा पाइप बंद झाला, मग वर फ्लश केला की खाली वन्संच्या मोरीतलं पाणी ओढलं जायचं आणि गटाराचा वास सरळ त्यांच्या खोलीत यायचा. मोरी गुडगुडते, असं वन्सं सगळ्यांना सांगत होत्या. मला ऐकू येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनी ऐकलं नाही.

सूनबाई खालच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावू लागल्या. मुलगा मला म्हणाला, "आई, आत्याला आता स्वच्छता जमत नाही गं. एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू तिला." माझ्यासाठी म्हणून तो हे मोठ्याने बोलला, त्यामुळे खाली वन्संना ऐकू गेलं. हात पुसायचा टॉवेलसुद्धा इस्त्री करणारी ही बाई त्यानंतर दिवसातून तीनदा अंघोळ करू लागली. एका दुपारी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, खरं सांगा, माझ्या अंगाला वास येतो का हो? माणसाला स्वतःचा कळत नाही म्हणतात." त्यांची ट्रंक भरलेली होती. त्या दिवशी मला माझ्या मुलाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचाच आला नव्हता. तो अजून आहे.

पुढे मुलाने फ्लॅट घेतला आणि वरचा मजला कुलपात गेला. मग वास वरून येऊ लागला, जिथे वन्सं कधी चढतही नाहीत. वापर नसल्याने वरच्या मोरीतलं पाणी सुकलं होतं. प्लंबर आला, त्याने डबा काढला आणि वर मोरी, बेसिन, संडास, सगळीकडे पाणी ओतलं. वास गेला. मी मुलाला बोलावून डबा दाखवला. "असं होय," म्हणाला आणि गेला. जाताना खालच्या खोलीचं दार उघडंच होतं, वन्सं आत बसल्या होत्या. हा थांबला नाही.

४. देखभाल. जाळीतले केस दर आठवड्याला काढावेत. तुपातेलाची भांडी आधी कागदाने पुसावीत, मग धुवावीत. गच्चीवरच्या पाइपला फक्त जाळी लावावी. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर मोरीत पाण्यावर चमचाभर खायचं तेल सोडावं, पाणी लवकर सुकत नाही. तेलाची ही सवलत मुलाला लागू नाही.

५. वन्संचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून वरच्या न्हाणीघरात दर रविवारी मुलाने स्वतः येऊन पाणी ओतावं. माणूस पाठवलेला चालणार नाही. ओतून झाल्यावर खाली वन्संच्या खोलीत बसून चहा घ्यावा आणि कप रिकामा होईपर्यंत उठू नये. काय बोलायचं ते त्याला कळेल. सलग महिनाभर चुकल्यास त्याचा हिस्सा मुलीचा. वकील म्हणतात, असं कलम कोर्टात टिकेलच असं नाही. नाही टिकलं तरी त्याला ते वाचावं लागेल.

६. कालच कलम पाच मी वन्संना वाचून दाखवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तो हल्ली चहात साखर किती घेतो?" मला माहीत नाही. पहिल्या रविवारी त्याने सांगावं.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:
१. समोरच्या शिलाईवाल्या बाई (सही)
२. आमचे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघराचं टेबल
तारीख: २ मार्च २०२६, सोमवार