सदर व्यक्ती आमची ग्राहक नाही

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तू म्हणशील. पण हल्ली मी फोनवर मोकळं बोलत नाही. ऑफिसचा फोन ऑफिसचाच, आणि माझा स्वतःचाही दिवसभर ऑफिसच्या वायफायवर असतो. तुला हसू येत असेल तर हस. फक्त तुझा लेक घुम्या रविवारी घरी आला की हे पत्र त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

माझं नवं काम नेमकं काय, ते तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस, म्हणून आता लिहूनच देते. आमच्या गाड्यांच्या शोरूमबद्दल लोक इंटरनेटवर जे लिहितात, ते सकाळी आल्या आल्या वाचायचं. कौतुक असेल तर आभार मानायचे. तक्रार असेल तर झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया आपलं नाव आणि फोन नंबर पाठवा, असं लिहायचं. नंबर आला की आमच्या ग्राहकांच्या यादीत शोधायचा. सापडला तर वर्कशॉपला सांगायचं. नाही सापडला तर 'सदर व्यक्ती आमची ग्राहक नाही' असं त्या साइटला कळवायचं, मग ते लोक तो रिव्ह्यू काढून टाकतात. खोटं लिहिणारे फार झालेत गं. पलीकडच्या रस्त्यावरच्या शोरूमनं तर आमची बदनामी करायला पगारी माणसं ठेवलीत, असं साहेब म्हणतात. शोरूमचे स्टार घसरले तर कंपनी नव्या गाड्या आम्हाला देणार नाही, म्हणून साहेबांची झोप उडालेली असते आणि ते आमची उडवतात.

आता खरी गोष्ट. 'पिवळी छत्री' अशा नावानं कुणीतरी हात धुऊन आमच्या मागे लागलंय. नंबर यादीत नाही, म्हणून मी तो रिव्ह्यू काढायला लावला. चार दिवसांत दुसरा हजर. तोही काढला, तर तिसरा. आणि लिहिणारा आतलं सगळं जाणतो. ट्रायलच्या नावाखाली ग्राहकाची गाडी घेऊन चहाला कोण जातं, ते त्याला ठाऊक. म्हणे, जुन्या ऑइल फिल्टरवर खूण करून गाडी दिली, बिलात नवा फिल्टर लागला आणि खूण गाडीबरोबर परत आली. आत्या, फिल्टरवर खूण करून ठेवणं कुणा साध्या ग्राहकाला सुचेल का? साहेबांची खात्री आहे की घरातच कुणीतरी फितूर आहे. मलाही इथे पाणी मुरताना दिसतंय.

बरं, घुम्या कसा आहे? वर्कशॉपच्या काउंटरवर गाड्या उतरवून घेताना दिसतो रोज, पण बोलेल तर शपथ. तुझ्याकडे आल्यावर काय करतो? फोनवर असतो का फार? कामाबद्दल कुरकुर करतो का? सहज विचारतेय.

तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी भाची,
मुंगी

११ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. वायफायला घाबरून पत्र लिहिणारी तू आमच्या घराण्यातली पहिलीच. लहानपणीही तू खाऊ मोजून ठेवायचीस आणि एक कमी झाला की घरभर झडती घ्यायचीस. आता त्याचे पगार मिळतात म्हणजे चांगलंच झालं.

गुडघा बरा आहे. तेल लावते, पण त्यामुळे नव्हे, शेजारीण जिने चढायला लावते त्यामुळे बरा आहे. छताला गळती लागली होती तीही बुजवून घेतली. गवंड्यानं दोनदा येतो म्हणून दगा दिला, तिसऱ्यांदा मी त्याच्या दारात जाऊन बसले, तेव्हा आला.

घुम्याचं विचारलंस. त्याचं आहे तसंच, तोंडात मिठाची गुळणी. पण तू सहज विचारतेस असं मला काही वाटत नाही. तुझ्या मनात कुणी मुलगी आहे का त्याच्यासाठी? असेल तर सरळ सांग, आढेवेढे घेऊ नकोस. मुलाचे गुण-अवगुण लपवणारी आई मी नव्हे. तर ऐक. फोनवर असतो, आणि हल्ली काहीतरी वाचून स्वतःशीच हसतो. मी जवळ गेले की फोन पालथा. मला आपलं वाटलं, कुणीतरी असावी. कामाबद्दल एकदाच बोलला, की तिथे लोकांना उगाच खर्चात पाडतात आणि मला ते बघवत नाही. म्हणजे स्वभावानं सरळ आहे, हे मुलीकडच्यांना नक्की सांग. दोन वर्षं घरी बसल्यावर तुला ही नोकरी लागावी म्हणून साहेबांकडे शब्द टाकायला त्यानं तोंड उघडलं होतं, तेवढंच काय ते त्याचं आयुष्यातलं भाषण.

मुलीची माहिती सविस्तर कळव. जावईबापूंना आशीर्वाद. आठवण काढत जा, कामापुरती का होईना.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी वगैरे काही नाही गं, तू फारच पुढे गेलीस. इथलं वातावरण बिघडलंय म्हणून विचारलं होतं, इतकंच.

पिवळी छत्री आता रोजच्या रोज लिहिते. परवा तर वर्कशॉपमधला फोरमन बिलं कशी फुगवतो, त्याचं वर्णन असं केलं होतं की मला वाचता वाचता हसू आलं आणि मग हसल्याची भीती वाटली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुम्ही दिवसभर यांचं लिहिणं वाचता, तुम्हाला माणूस ओळखता यायला हवा. आठवड्यात नाव द्या, नाहीतर तुमच्या कामाचा उपयोग काय, ते मला वर सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांकडे संशयानं बघते. गाड्या धुणारा हसून बघतो ते का, रिसेप्शनवरची माझ्या टेबलापाशी रेंगाळते ती का. जेवणाच्या सुट्टीत मी घुम्याला आडून विचारलं, तू आपल्याबद्दलचे रिव्ह्यू वाचतोस का. त्यानं आधी घास संपवला. मग म्हणाला, सगळे वाचतो, आणि लिहिणाऱ्यानं आता जरा जपून लिहावं. एवढं बोलून डबा बंद करून निघून गेला.

आत्या, मी काहीही केलं तरी तू मला समजून घेशील ना? जास्त लिहीत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुंगी

३ मार्च

चि. सौ. मुंगीस,
आशीर्वाद.

घुम्या शुक्रवारीच घरी आला, पिशवी घेऊन. त्याला कामावरून काढलं. भाड्याची खोलीही सोडून आला. आल्यावर चहा घेतला, माझ्या औषधांच्या गोळ्या आणून दिल्या आणि मग सांगितलं. साहेबांनी विचारलं म्हणे, पिवळी छत्री तूच ना? तुमच्याच घरच्या माणसानं सांगितलंय. यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गप्प बसला. गप्प बसला म्हणजे कबूल, असं धरून त्यांनी त्याला घरी पाठवलं.

घरचं माणूस तिथे तुझ्याशिवाय कुणी नाही.

मी तुझी दोन्ही पत्रं डब्याखालून काढून परत वाचली. मी स्थळ समजून बसले होते आणि तू चौकशी करत होतीस. पोराच्या कौतुकानं मी बोलत गेले, आणि माझ्याच तोंडून तू माझ्या पोराविरुद्ध पुरावा गोळा केलास. मला फार राग आलाय, मुंगे. तुला लहानपणी मी अंघोळ घातलीय, म्हणून सरळ लिहिते. खोटं गोड लिहिणं मला जमणार नाही.

आणि तू इतकी हुशार, तर एवढं तुला कसं दिसलं नाही? फिल्टरवर खूण करणं साध्या ग्राहकाला सुचणार नाही म्हणतेस. मी मिक्सर दुरुस्तीला देताना आतल्या मोटारीला नखाचं पॉलिश लावून देते, मोटार बदलली म्हणून कुणी पैसे उकळू नयेत म्हणून. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका असं काही ना काही करतात. आतलं सगळं कसं माहीत, म्हणतेस. चार-चार तास खुर्चीत बसवून ठेवलं की माणसाला सगळं दिसतं. त्यातून बाई असली की तिच्यासमोर कुणी काही लपवतही नाही, तिला काय कळतंय असं धरून चालतात.

नंबर यादीत नाही, म्हणून ती खोटी. माझा नंबर तरी कुठल्या यादीत आहे? तुझे आतोबा जाऊन इतकी वर्षं झाली, गाडी मी चालवते, पेट्रोल मी भरते, आणि सर्व्हिसिंगवाल्यांचा फोन येतो तो अजून आतोबांच्या जुन्या मोबाइलवर. मी उचलते तर विचारतात, सर आहेत का. उद्या मी तक्रार लिहिली तर तुझ्या यादीत मीसुद्धा सापडायची नाही. तू तरी सापडशील का, बघ. गाडी तुझ्या नवऱ्याच्या नावावर आहे.

घुम्या सकाळपासून बागेतल्या नळाचं वायसर बदलतोय. ते कालच बदलून झालंय.

तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यावर काही दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण आधी करायचं होतं आणि मग लिहायचं होतं.

पिवळ्या छत्रीनं पहिल्याच दिवशी नंबर पाठवला होता. आम्ही तो यादीत शोधला, सापडला नाही, म्हणून ती खोटी ठरली. तो नंबर फिरवून बघायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. मी ऑफिसच्याच फोनवरून लावला. पलीकडे एक बाई, मुलांना पोहायला शिकवते. गाडी नवऱ्याच्या नावावर, तो बोटीवर कामाला, वर्षातून एकदा येतो. मी शोरूमचं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, शेवटी फोन केलात म्हणजे मी आहे यावर विश्वास बसला तुमचा.

मग मी काढायला लावलेले सगळे जुने रिव्ह्यू बाहेर काढले. आत्या, बायकाच बायका. कुणाची गाडी सासऱ्यांच्या नावावर, कुणाची भावाच्या. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. ज्यांनी उचलले त्या सगळ्या खऱ्या निघाल्या. मी स्वतःला यादीत शोधलं, मीही नव्हते.

साहेबांना कागदावर दाखवलं असतं तर त्यांनी कागद बाजूला ठेवला असता. म्हणून मी त्या बाईलाच बोलावलं, शोरूम ग्राहकांनी भरलेलं असताना. तिनं सगळ्यांसमोर गाडीखालचा फिल्टर काढायला लावला. त्यावर लाल पॉलिशचा ठिपका होता. साहेब दिलगिरीची वाक्यं शोधत होते, पण समोर उभ्या माणसाला काढून टाकायची सोय नसते. फोरमनला त्याच दिवशी घरी पाठवलं. मी साहेबांना म्हटलं, घुम्याचं नाव मी दिलं, ते चुकीचं दिलं, त्याला परत बोलवा नाहीतर मलाही मोकळं करा. ते फोन करतो म्हणालेत.

नोकरी जाईल म्हणून मी घाबरले होते, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मला खरोखर तोच वाटत होता. तुझ्याशी खोटं बोलत नाही. मी त्याची आणि तुझी माफी मागते. तुला राग धरायचा तेवढा धर, मात्र पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझीच,
मुंगी

२० मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. आईनं कागद पुढ्यात आणून ठेवला आणि स्वतः शेजारणीकडे जाऊन बसली.

साहेबांचा फोन आला. सोमवारपासून ये म्हणाले. येतोय. जुनी खोली गेली, दुसरी बघेन. पहिले काही दिवस तुमच्याकडे राहीन, भावजींना विचारून ठेव.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी नाही का म्हटलं नाही, असं आई सारखी विचारते. तिला सांगितलं, तुलाही सांगतो. मला वाटत होतं ती पिवळी छत्री तूच आहेस. लिहिणं बाईचं आहे हे कळत होतं. ऑफिसातून आमच्या वर्कशॉपच्या दाराशी रोज येऊन उभी राहणारी बाई तू एकटीच. मी ते वाचून हसायचो, बरं वाटायचं. म्हटलं, ताई सगळ्यांच्या तोंडावर गोड उत्तरं लिहिते आणि मागून खरं लिहिते. म्हणूनच त्या दिवशी जपून लिहायला सांगितलं. केबिनमध्ये मी नाही म्हटलं असतं तर साहेब पुढे शोधत बसले असते, आणि मग तुझ्यावर आलं असतं. तुला दोन वर्षांनी काम मिळालंय, मला दुसरीकडे मिळेल असा विचार केला.

घरच्याच माणसानं नाव दिलं, असं ते म्हणाले. मला वाटलं, पकडली जाशील म्हणून तू घाबरून माझ्यावर ढकललंस. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. घाबरल्यावर माणूस ढकलतं. तुला ते खरंच वाटत होतं, हे आईनं तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तू मला फितूर समजलीस, त्याचं वाईट वाटलं.

सोमवारी भेटू. त्यावर बोलायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत नेहमीच्या बाकावर बसू.

लोभ आहे. पुढच्या वेळी शंका आली तर आधी मला विचारावं, एवढी विनंती.

तुझा,
घुम्या