घासून चकचकीत केलेला दात

वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार,

फोटोत तोंड मिटून बसलो म्हणजे मला माज चढला, हा तुमचा शोध तुमच्यापाशीच ठेवा. (दादाने त्यावर मान डोलावली असणार, तुमच्यापुढे तो दुसरं काय करतो?) माझा समोरचा दात पडलाय. तोही दातांच्याच इस्पितळात. तुमच्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील, असं धरून पुढचं लिहितो.

मी इथे डॉक्टरांची हत्यारं धुतो आणि वाफेच्या यंत्रात घालतो, हे तुम्हाला माहीत आहेच. परवा यंत्राचं दार लागेना म्हणून खांद्याने ढकललं, तर ते उलटं तोंडावर आलं आणि दात मुळासकट हातात. आता वरच्या मजल्यावर एक डॉक्टरबाई आहेत. (एवढ्या इमारतीत ‘जेवलास का’ विचारणाऱ्या त्याच, तेही गुरुवारी, कारण त्यांच्या प्रयोगाच्या काचेच्या बश्या धुवायला मी गुरुवारी जातो.) त्या सांगतात, आपला दात हाडाला चिकटलेला नसतो, मधे बारीक धाग्यांची गादी असते, म्हणून घासात खडा आला की लगेच कळतं. स्क्रूने बसवलेला नकली दात थेट हाडात. बसतो घट्ट, पण त्याला कशाचं काही कळत नाही. ती गादी बशीत वाढवून स्क्रूभोवती बसवायची, अशी बाईंची खटपट चाललीय. खोलीवर एकटा जेवताना वाटतं, मलाही इथे कुणीतरी स्क्रूनेच बसवलंय.

बाईंना ताजा पडलेला दात हवाच होता, आणि हा तर घरचा. म्हटलं, द्यायचा तर नीट द्यावा. साबण लावला, ब्रशने मूळ घासून आरशासारखं केलं, वर वाफही दिली. बाईंनी दाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अरे, मला हवं होतं तेच धुऊन टाकलंस तू.”

गादी त्या मुळावरच होती म्हणे. दोन वर्षांत माझ्या धुण्यात कुणी खोट काढली नव्हती, वहिनी. मग त्या हसल्या, मीही फट दाखवून हसलो. गुरुवार नसताना त्यांनी जेवलास का विचारलं.

बाकी मजेत.

ता. क. दात फुकट बसवून देणार आहेत, काळजी नसावी.

आणखी एक ता. क. आईची कवळी करून घ्या. दातांवाचून शब्द सांडतात म्हणून ती फोनवर येत नाही, तिचं सगळं तुम्हीच सांगता. तिचा आवाज ऐकून आठ महिने झाले. कवळी बसली की पहिला फोन मला लावून द्या. नुसत्या शिव्या घातल्या तरी चालेल.

शेवटचा ता. क. फुकटचं खोटं होतं. माझ्या दातासाठी ठेवलेले पैसेच कवळीला पाठवतोय, इथे हसायचं तरी कुणापुढे? सात हजार दोनशे.