आनंदच्या फोनवरचं खातं

४ फेब्रुवारी, मंगळवार

लातूरहून मेल. मुख्य कार्यालयाचा. महिनाअखेरच्या आत प्रत्येकाने ठरवायचं – कामाच्या फोनवर कंपनीचं खातं, की स्वतःचं.

कंपनीचं घेतलं तर फोन कोरा करून देणार. नवं खातं, नवं सिम. त्यात काय चाललंय ते लातूरला दिसणार, आणि नोकरी सोडली की सगळं कंपनीकडेच राहणार. स्वतःचं खातं आणि जुना नंबर ठेवायचा असेल तर अर्ज करायचा, कारण लिहायचं, शाखेची शिफारस घ्यायची. उदगीर शाखेची शिफारस म्हणजे मी. सही शाखाप्रमुख भागवत सरांची असते, पण ते वाचत नाहीत.

संध्याकाळी भेंडी केली. खाल्ली की नाही आठवत नाही. कढई घासलेली दिसतेय, म्हणजे खाल्ली असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात नुसता गोंगाट. आमची माणसं गावोगाव फिरून गाई-म्हशी भरवतात, म्हणजे कृत्रिम रेतन करतात. गाडीला नायट्रोजनचा डबा, खिशात कंपनीचा फोन. गाय माजावर आली की शेतकरी फोन करतो, हे निघतात. फोन वाटले तेव्हा खातं कुठलं टाकायचं हे कुणी सांगितलंच नाही. मग ज्याने त्याने स्वतःचं टाकलं. घरचे फोटो त्यातच, शेतकरीही त्यातच. तेही शेतकऱ्यांच्या नावाने नाहीत, जनावरांच्या! 'वलांडी लाल देवणी'. 'मारकी म्हैस, टाकीजवळ'. लातूरच्या साहेबांनी ही यादी उघडली तर डोकं धरून बसतील.

संगमेशची काळजी वेगळी. बायकोचे फोटोही साहेबाला दिसणार का म्हणे. म्हटलं, तुझ्या बायकोला बघायला लातूरला कुणाला सवड नाही. सगळे हसले. मीही हसले असेन.

त्याने कंपनीचं खातं घेतलं. बाकीच्यांनीही तेच. मेंढरं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकाच फोनची पंचाईत आहे. महांतेशचा फोन. म्हणजे आनंदचा.

गेल्या पावसाळ्यात आनंद देवणी गावच्या रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉलीवर आदळला. मोटारसायकलचा चेंदामेंदा झाला, खिशातल्या फोनचा फक्त कोपरा तडकला. कंपनीने आनंदच्या जागी महांतेशला घेतलं आणि तोच फोन, तेच सिम त्याच्या हातात दिलं. कारण त्या भागातली सगळी जनावरं त्या फोनमध्ये. फोन पुसायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, की कुणाची हिंमत झाली नाही. खातं अजून आनंदच्या नावाचं आहे.

म्हणजे माझा नवरा रोज सकाळी मला फोन करतो. स्क्रीनवर 'आनंद' येतं, मी उचलते, महांतेश म्हणतो, मॅडम, निघालो. मी हजेरी लावते. नाव बदललेलं नाही. बदलायला हात उचलत नाही, आणि ठेवायचं म्हणून ठेवलंय असंही नाही. आहे तसं आहे.

लोक म्हणतात, समीक्षाने किती धीराने घेतलं. धीर कसला. आत काही हलतच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

महांतेशने अर्ज दिला. खातं आहे तेच राहू द्या, नंबर माझ्या नावावर करून द्या, बिल मी भरतो. कारणाची जागा कोरी.

कारण लिही म्हटलं. तर म्हणतो, शेतकऱ्यांना सवय आहे. मी म्हटलं, सगळ्यांना नव्या नंबरचा मेसेज जाणार आहे, सवय होते. तो टेबलाच्या कडेला हात घासत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, तेवढा एक नंबर ऱ्हाऊ द्या की."

ऑफिसात तो मला मॅडम म्हणतो. वहिनी म्हणाला तेव्हा एकदम चीड आली. माझ्या नवऱ्याचा नंबर, याला कशाला हवा? आनंदची जागा मिळाली, फोन मिळाला – आता नंबरही नावावर?

चीड आली याचंच नवल वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीही गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

महांतेशने पेनड्राइव्ह आणून दिला. फोनमधले आनंदचे सगळे फोटो काढलेत म्हणे. मी काही उघडून बघितलं नाही, नुसतं कॉपी केलं, असं दोनदा सांगितलं. म्हटलं, बरं. कपाटात ठेवला. मीही उघडणार नाही.

म्हणजे फोटोंसाठी नव्हतं तर. मग कशासाठी?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या महांतेशबरोबर देवणीला पाठवल्या. आनंदची आई, माझ्या सासूबाई, तिथे एकट्याच राहतात. उदगीरला चला म्हटलं तर येत नाहीत. तिथं कुणाशी बोलू, म्हणतात. पूर्वी आठवड्याला मला फोन करायच्या. आता नाही करत. मीही करत नाही. दोघींनी एकमेकींना काय विचारायचं? त्यांच्याकडे बघितलं की आनंदचं नाक दिसतं.

गोळ्या पोचल्या असं महांतेशने सांगितलं. माय बरी हाय म्हणाला. तो त्यांना माय म्हणतो हे मला माहीत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लातूरचा फोन. उदगीरची एक फाइल का अडली? भागवत सर म्हणाले, समीक्षा, तुला जड जात असेल तर मी बघतो. जड काय जायचंय. मी महांतेशच्या अर्जावर लिहिलं – शिफारस नाही, कंपनीचं खातं द्यावं. सरांनी सही केली.

खरं कारण इथे तरी लिहावं. मला ते नाव रोज सकाळी स्क्रीनवर नको आहे. एवढंच. आणि ते आलं तरी मला काहीच होत नाही, हे तर त्याहून नको आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन मीच कोरा केला. संगमेश करतो म्हणाला होता, दिला नाही. फोन विचारतो – सगळी माहिती पुसली जाईल, नक्की? होय. पुन्हा विचारतो. होय. मग बराच वेळ काळा पडदा. आणि मग, भाषा निवडा! इतकंच. मराठी निवडली.

कंपनीचं खातं टाकलं. नवं सिम टाकलं. जुना नंबर बंद करायचा अर्ज, शाखेतर्फे, माझ्या सहीने. महांतेश समोर उभा होता. आता तरी काही बोलेल असं वाटलं. फोन घेऊन गेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हजेरीला स्क्रीनवर 'महांतेश नवीन' आलं. बरं झालं. काही वाटलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

महांतेश नीट बोलतो, विचारलं तेवढंच. देवणीच्या गोळ्या न्यायला मात्र नाही म्हणाला. "या बारीला तुमीच जावा मॅडम. माय वाट बघून राहिली."

माझी कशाला वाट बघतील? पण रविवारी जाऊन येते.

२३ फेब्रुवारी, रविवार

देवणी. आत्याबाईंनी चहा दिला आणि त्यांचा बटणांचा फोन माझ्या हातात ठेवला. बघ गं, आनंदचा नंबर लागंना.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना कळलं मी काय समजले ते.

"मला ठाव हाय की तो न्हाई ते. पयल्या बारीला हातानं चुकून लागला. ते पोरगं म्हनलं, माय, मी महांतेश. म्हनलं, आसू दे बाबा, जेवलास का? तवापासून रोज सांजच्याला बोलायचं. तुला सांगू नको म्हनून मीच बजावलं, तुला तरास नको. आता कोन बाई बोलती. काई बी इचारा, तेच तेच बोलती."

नंबर बंद करायच्या अर्जावरची सही माझी. ते तोंडातून निघालं नाही. रडू फुटलं – तो गेल्यापासून पहिल्यांदा, आवरेचना. आत्याबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, मी आनंदसाठी रडते आहे.