बाईंचं नाव

तपासणीला आलेल्या साहेबांस,

नाशिकरोडच्या आमच्या शाळेला तुम्ही नापास केलंत, बरं केलंत. चौथीच्या मुलांना स्वतःच्या बाईंचं नावसुद्धा सांगता आलं नाही, असं अहवालात लिहिलंत. कसं येणार? ती हुशार पोरं संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून आणून बसवली होती. आमच्या कच्च्या पोरांना त्या दिवशी घरीच ठेवायला सांगितलं होतं. त्यांत माझी ईश्वरी होती. ती अडखळत बोलते, पण बाईंचं नाव आडनावासकट सांगते.

काल पालकसभा झाली. अहवाल ऐकून सगळे पेटले आणि शाळेची अब्रू कोणामुळे गेली ते शोधू लागले. सापडली कोण, तर जी वर्गात नव्हतीच ती! "असल्या मुलांना दुसरीकडे घाला ना," माझ्याकडे बघत एक आई म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

सोमवारी तुम्ही पुन्हा येताय. हे पत्र मी टाकणार नाही, कारण ईश्वरीला त्याच बाईंच्या हाताखाली वर्ष काढायचंय. बाईंचा पुन्हा तोच निरोप आलाय, म्हणून तिला ओझरला मामाकडे पाठवतेय.

"सगळ्यांनाच सुट्टी आहे का?" तिनं अडखळत विचारलं.

मी न अडखळता हो म्हणाले.

ईश्वरीची आई