गदा चालत येरवड्याला न्यावी

मी, रंगराव खंडोजी पासलकर, वय सत्त्याहत्तर, धंदा वस्तादकी, राहणार जांभूळ तालमीच्या वर, शनिवार पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणीही भरीस न घालता आणि रागात करीत आहे. ‘रागात’ हा शब्द गाळावा असे वकील सलिल यांचे म्हणणे पडले. रागाच्या भरात केलेल्या मृत्युपत्रावर पुढे शंका घेतात म्हणे. म्हणून डॉक्टर केयूर यांना बोलावले. त्यांनी रक्तदाब घेतला, आजचा वार विचारला, थोडी वजाबाकी करायला लावली आणि मग कसला त्रास होतो का असे विचारले. मी म्हटले, मुलाचा होतो. त्यांनी मी शुद्धीत असल्याचा दाखला तिथल्या तिथे लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द. त्यात मी सर्व काही मुलाच्या नावे केले होते. तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर नव्हती असे कोणाला म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही.

१. राहत्या दोन खोल्या, बँकेतील ठेवी आणि घरातील चीजवस्तू माझी पत्नी विमलाबाई हिला द्याव्यात. तिच्या पश्चात त्या मुलगी प्रियदर्शनी, राहणार कर्वेनगर, हिला जाव्यात. प्रियदर्शनीला कुस्तीत काडीचा रस नाही आणि आमच्या घरात तीच काय ती सुखी आहे. थंडाई घोटायची दगडी कुंडी विमलाबाईने हवी तर ठेवावी, हवी तर फोडावी. आधी माझ्यासाठी, मग मुलासाठी, मग नातवासाठी बदाम घोटून तिचा उजवा खांदा गेला. त्या खांद्याचा सत्कार आजवर कोणी केलेला नाही.

२. मुलगा सुदर्शन याला माझ्या सत्कारांत मिळालेले सर्व फेटे, शाली आणि पितळी मानचिन्हे द्यावीत. त्याला सत्काराची फार हौस आहे आणि इथून पुढे त्याचा कोणी करील असे वाटत नाही, तेव्हा हे त्याला पुरवून पुरवून वापरता येईल. याउपर त्याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. कारण खाली देत आहे, म्हणजे कोर्टात जाऊन त्याला बापाचे डोके फिरले होते असे सांगायला नको.

सुदर्शन हा ‘मुठा केसरी’ स्पर्धेच्या संयोजन समितीचा अध्यक्ष आहे. ही स्पर्धा पूर्वी नदीकाठी व्हायची आणि लोक जमिनीवर मांडी घालून बघायचे. सुदर्शनने ती धंदेवाईक केली. संघ आले, संघांचे मालक आले, धूर सोडणारी यंत्रे आली, आणि मैदानाच्या डोक्यावर सिनेमागृहाएवढा पडदा आला. त्यालाही माझी ना नव्हती. पोरांना चार पैसे मिळतात, मिळोत. माझे म्हणणे एवढेच होते, की संयोजकाचा मुलगा मैदानात उतरत असेल तर संयोजकाने घरी बसावे. हे मी त्याला जेवताना सांगितले. त्याने आमटी वाढून घेतली.

त्याचा मुलगा साई हा माझा नातू आणि माझा पठ्ठा. अंतिम कुस्ती साई विरुद्ध शहेजाद बागवान अशी लागली. शहेजाद हा येरवड्याच्या मैनुद्दीन वस्तादचा नातू. मैनुद्दीनबद्दल पुढे यायचे आहे, त्याच्याविना माझ्या आयुष्यातले एक कलम पुरे होत नाही.

कुस्ती चांगली झाली, हे मी नाकारत नाही. साई गुणांनी पुढे होता. शेवटी शेवटी शहेजादने त्याला खाली घेतला, घिस्सा डाव ओढला आणि साईचे दोन्ही खांदे मातीला लागले, म्हणजे पाठ लागली, कुस्ती संपली. मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्यात नाही. पंच पलीकडच्या अंगाला होते, त्यांना शहेजादची पाठ दिसत होती. त्यांनी कुस्ती चालू ठेवली आणि वेळ संपली. येरवड्याच्या लोकांनी रीतसर दाद मागितली, की पडद्यावर पुन्हा दाखवा. पडद्यावर एका फरसाणवाल्याची जाहिरात लागली. ती संपली, पुन्हा लागली. सगळे मैदान बाकरवडी बघत उभे होते. मग तांत्रिक अडचण असल्याचे जाहीर झाले आणि गदा साईला दिली. पडदा ज्याच्या हुकमाने चालतो तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. जाहिरात सुरू होण्याआधी त्याने फोनवर दोन शब्द बोलल्याचे मी पाहिले आहे. तो माझा मुलगा आहे.

शहेजाद खाली उतरला आणि सरळ माझ्याकडे येऊन पाया पडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

३. स्पर्धेच्या पंचांना माझा चष्मा द्यावा.

४. आता गदेबद्दल. जिंकलेला पठ्ठा गदा आणून वस्तादाच्या पायाशी ठेवतो, वस्ताद ती कपाळाला लावतो आणि ‘सांभाळ’ म्हणून परत देतो, ही आमच्या तालमीची रीत आहे. परत देईपर्यंत ती वस्तादाची. साईने ती चारचौघांसमोर माझ्या पायाशी ठेवली. मी परत दिलेली नाही. चारचौघांत दिलेली वस्तू ती दिलीच, असे सलिल यांचेही मत आहे. तेव्हा आजमितीस मुठा केसरीची चांदीची गदा ही माझी मिळकत असून ती कोणाला द्यायची ते मी ठरवणार.

पैलवान वस्तादाकडे येतो तो अंगावरच्या मातीनिशी येतो. साई त्या दिवशी संघाचे जाकीट घालून आला, गळ्यापर्यंत चेन ओढून. मी त्याला जाकीट काढायला सांगितले. त्याने काढले नाही. मग मी विचारले, “साई, पाठ लागली का?”

तो म्हणाला, “आजोबा, पंचांनी दिली ना कुस्ती.”

तालमीत तो मला वस्ताद म्हणतो. लहानपणापासून त्या उंबऱ्याच्या आत आजोबा हा शब्द त्याच्या तोंडून निघालेला नाही. त्या दिवशी निघाला, आणि मला उत्तर मिळाले. ‘नाही लागली’ असे तो म्हणाला असता तर एक वेळ मी माझ्या उजव्या डोळ्यावर संशय घेतला असता. खोटे बोलायची त्याची छाती नाही आणि खरे बोलायचीही नाही. मला त्याचा इतका राग आला, की त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. हे त्याला वाचून दाखवाल तेव्हा हेही सांगा, की रोज पहाटे तालमीतून त्याच्या जोर-बैठकांचा आवाज येतो आणि मी वर खिडकीत बसून ऐकतो.

५. मैनुद्दीन हसन बागवान, राहणार येरवडा (तुरुंगाच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला), याला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे, हे सलिल यांच्याकडून कळताच मी मैनुद्दीनला साक्षीदार म्हणून बोलावणे धाडले. याला कोणी खुन्नस म्हणावे. मी नाही म्हणत नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मुठा केसरीची अंतिम कुस्ती त्याची आणि माझी झाली. दोघेही ऐन भरात होतो आणि दोघांचे एकमेकांवर दात होते. मी त्याला ढाक मारली, तो पडला आणि पडता पडता वळला. पंचांच्या डोळ्यांत माती गेली होती. ते म्हणाले, कुस्ती चालू. लोकांचा आरडाओरडा सुरू झाला, निम्मे म्हणत लागली, निम्मे म्हणत नाही. तेवढ्यात मैनुद्दीन उठला, मातीत उभा राहिला आणि म्हणाला, “पंच, माझी लागली. रंगाचा हात वर करा.”

झाले. गदा माझ्या हातात आणि लोकांच्या खांद्यावर तो. फेटे त्याला बांधले, हलगी त्याच्यापुढे वाजली. मी गदा घेऊन घरी चालत आलो. तेव्हापासून या शहरात कुठेही सत्काराला गेलो, की सूत्रसंचालक माझी ओळख करून देतो ती अशी: ज्यांना मैनुद्दीन वस्तादांनी मोठ्या मनाने गदा दिली ते रंगराव पासलकर. दिली? ढाक मी मारली होती. खाली तो होता. माझी कुस्ती मी जिंकली हे दुसऱ्याच्या तोंडून लोकांना कळावे, यासारखा पराभव नाही, आणि तो मी पन्नास वर्षे खातो आहे. पुढे आमच्या बऱ्याच कुस्त्या झाल्या. काही मी मारल्या, काही बरोबरीत सुटल्या. त्याने माझी पाठ एकदाही लावली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण सूत्रसंचालक ते सांगत नाहीत.

साईची गदा घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती रिक्षाने मैनुद्दीनकडे पाठवली. ती त्याच रिक्षाने परत आली. मागून त्याचा फोन आला. म्हणाला, “रंगा, तू कशाला पाठवतोस? ज्याची लागली त्याने आणावी.” मी फोन आपटला. त्याचे बरोबर होते. पुन्हा एकदा त्याचेच बरोबर होते, आणि पुन्हा माझ्याच घरापायी.

६. म्हणून असे ठरवतो. सदर गदा शहेजाद बागवान याची आहे. ती साईने स्वतः पोचवायची. माझा तेरावा झाल्यावर पहिल्या रविवारी, भरदिवसा, गदा खांद्यावर घेऊन, शनिवार पेठेतून संगम पूल, बंडगार्डन पूल असे करत येरवड्यापर्यंत चालत जायचे. काळ्या काचांच्या गाडीतून नाही. अंगात जाकीट नको. वाटेत लोक विचारतील, पैलवान, मिरवणूक कसली, तर खरे ते सांगायचे. मैनुद्दीनच्या दारात शहेजादच्या हातात गदा द्यायची आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, माझी लागली होती. एवढेच. माफी मागू नये, भाषण करू नये, बापाचे नाव घेऊ नये. जाहिरात बापाने लावली, पण तोंड ज्याचे त्याच्यापाशी होते.

७. हे साईने केले, तर जांभूळ तालीम, जागेसकट, हौदातल्या मातीसकट, जोड्या, मुद्गल आणि मल्लखांबासकट साईची. तिथे आरसे लावून व्यायामशाळा काढायचा सुदर्शनचा जो नकाशा कपाटात आहे तो बंबात घालावा. साईने हे केले नाही, तर तालीम शहेजादची. सलिल यांनी व्यवस्थापक या नात्याने दुसऱ्याच दिवशी किल्ल्या येरवड्याला द्याव्यात आणि गदाही टेम्पोने पाठवावी.

मला साईलाच तालीम द्यायची आहे. हे कलम सांगताना माझा आवाज चढला म्हणून सलिल यांनी पाणी आणले. आवाज चढायचे कारण राग हेच होते, पण एकटा राग नव्हता. या पोराला मी चालायच्या आधी मातीत बसवला आहे.

८. माझ्या देहाविषयी. जीव गेल्यावर माणसाला भुईवर घेतात. मला घरात न घेता खाली तालमीच्या हौदात घ्यावे, आणि उताणे ठेवू नये. कुशीवर ठेवावे. माझी पाठ कोणी लावलेली नाही आणि ती पुरोहिताने किंवा शेजाऱ्यांनी लावावी हे मला मान्य नाही.

मैनुद्दीनला निरोप द्यावा. तो येईपर्यंत थांबावे. विमलाबाई म्हणते, तोच आधी गेला तर? तो जाणार नाही. त्याची एक कुस्ती राहिली आहे. त्याने हौदात उतरावे, माती कपाळाला लावावी, माझ्या खांद्याला धरावे आणि मला उताणा करावे. मी या खेपेस विरोध करणार नाही.

मग पंचांच्या जागी कोणीतरी उभे राहून विचारावे, लागली का? मला बोलता येणार नाही. तेव्हा माझ्या वतीने साईने सांगावे. सगळ्यांना ऐकू जाईल असे, मोठ्याने: लागली. एकदा माझ्यासाठी तो शब्द तोंडातून निघाला, की रविवारी येरवड्यात स्वतःसाठी काढायला जड जाणार नाही.

हे सर्व मी सांगितले, सलिल यांनी लिहिले, मला दोनदा वाचून दाखवले आणि दोन्ही वेळा ते मला पटले. मैनुद्दीनला मजकूर सांगितलेला नाही व सांगू नये. तुला इथे आणखी एकदा यावे लागेल, एवढेच त्याच्या कानावर घालणार आहे.

स्थळ: शनिवार पेठ, पुणे
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

(सही) रंगराव खंडोजी पासलकर

आम्हा दोघांसमक्ष, आणि आम्ही एकमेकांसमक्ष, सही झाली:

साक्षीदार १: (सही) डॉ. केयूर भालचंद्र सहस्रबुद्धे, शनिवार पेठ. सही करताना रक्तदाब थोडा वाढलेला, बुद्धी स्थिर.

साक्षीदार २: (सही) मैनुद्दीन हसन बागवान, येरवडा. आत काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, रंगाची सही मात्र डोळ्यांनी पाहिली. पुन्हा बोलावलं तर येईन.