उंचावरून ओतलेलं पाणी

९ फेब्रुवारी १९९८, हुबळी

आज विचारलंच सिस्टर क्लेरांना — शाळा सुटल्यावर रोज चॅपेलमध्ये डोळे मिटून करता तरी काय? म्हणाल्या, बायबलमधली एक गोष्ट वाचते आणि तिच्यात जाऊन बसते. ऊन कसं आहे, वास कसला येतोय, आपल्या हातात काय आहे. मग येशूशी बोलायचं, शेजारणीशी बोलावं तसं.

पंचवीस वर्षं गणित शिकवणारी मी! हसू आलं. पण त्यांच्यासारखा शांत चेहरा स्टाफरूममध्ये दुसरा नाही.

११ फेब्रुवारी

मलाही एक गोष्ट दिली. धर्म बदलायचा नाही, नुसते डोळे मिटायचे, म्हणाल्या. येशू दमून विहिरीवर बसतो. जिच्या हातचं त्याचे लोक पाणी पीत नाहीत, अशा बाईकडेच पाणी मागतो.

डोळे मिटले. डाळ भिजत घालायची राहिली, एवढंच आठवलं.

१६ फेब्रुवारी

जमलं! विहीर धारवाडच्या आमच्या परसातली, रहाट तसाच करकरणारा. तो काठावर बसलेला, पाय धुळीने माखलेले. बोलला चक्क कन्नडमध्ये — "नीर कोडव्वा." मी पोहरा ओढून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

सिस्टरना सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "टीचर, ओतताना तुमचा हात कुठे होता?"

१७ फेब्रुवारी

वर. चांगला हातभर वर! पोहऱ्याला त्याचा हात लागू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. आई परसदारी कुणाकुणाला पाणी घालायची, तसा आपोआपच वर गेला. आणि तो रागावला नाही, मुकाट्याने प्यायला. लाज वाटली.

धन्य ती बाई! एकच प्रश्न, आणि मला पळायला वाट नाही.

१८ फेब्रुवारी

दीपश्री. माझी एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. देशपांडे नगरात राहते, रिक्षाने दहा मिनिटं. दोनदा गेले, दोन्ही वेळा उपास सांगितला. पाण्याचासुद्धा! दुसऱ्या खेपेला निघताना ती फाटकापर्यंत आली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेले. दारातच म्हटलं, "दीपा, पाणी दे गं."

ती आतून नवंकोरं तांब्याभांडं घेऊन आली. बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच. "लग्न झाल्यापासून तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय, आई. कुणी शिवलेलं नाही."

टेबलावर जावयाचा अर्धा प्यालेला पेला होता. तोच उचलला.